ट्रिपला ‘नाही’ म्हणू नका, हिशेब मागा



गेल्या रविवारी आमच्या महिला मंडळाचा स्वाध्याय झाल्यावर चहा घेताना विषय निघाला, तो मोटरसायकलवरून लडाखला जाणाऱ्या पोरांचा. आम्ही अकरा जणी होतो. नऊ जणींचं एकच मत, “अजिबात पाठवायचं नाही.” दहावी म्हणाली, “मुलाला पाठवीन, मुलीला नाही.” अकरावी मी. मी गप्प बसले, कारण त्याच वेळी माझी चोवीस वर्षांची मुलगी घरी हॉलमध्ये नकाशा पसरून बसली होती, आणि तिच्याभोवती सात जण, पाच मुलगे आणि दोन मुली. हे सगळं तिथे सांगायचा धीर मला झाला नाही. घरी येताना त्याची रुखरुख लागली. जे तिथे बोलले नाही ते इथे लिहिते. काही जणींना राग येईल, येऊ दे.

माझं म्हणणं सरळ आहे. ‘नाही’ म्हणून आपण मुलांना वाचवत नाही. ‘नाही’ म्हणून आपण फक्त त्यांच्या तयारीतून बाहेर पडतो.

माझ्या भाच्याचं उदाहरण सांगते, त्याला विचारून सांगते. चार वर्षांपूर्वी त्याने घरी लडाखचं नाव काढलं आणि माझ्या बहिणीने, मेव्हण्यांनी, आजीने, सगळ्यांनी मिळून ‘नाही’ म्हटलं. मग त्याने सांगितलं, मित्रांबरोबर ट्रेनने मनालीला जातो, चार दिवस राहतो, परत येतो. सगळे खूश. बहिणीने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू बांधून दिले. कुणीही विचारलं नाही की मनालीनंतरची रात्र कुठे काढणार. कारण घरच्यांच्या मते मनालीनंतर काही नव्हतंच.

नऊ पोरं होती. मनालीत मोटरसायकली भाड्याने घेतल्या आणि निघाली. प्लॅन म्हणजे काय, तर कुणाच्या तरी मोबाईलवर आलेलं एक चित्र. पहिला दिवस मनाली ते सरचू, दुसरा दिवस सरचू ते लेह. मनाली साधारण २,०५० मीटर उंचीवर आहे आणि सरचू जवळजवळ ४,३०० मीटरवर. मध्ये बारालाचा ला, ४,८९० मीटर. म्हणजे जो मुलगा काल रात्री दोन हजार मीटरवर झोपला, तो आज त्याच्या दुप्पट उंचीवर झोपायला गेला. रात्रभर डोकं फुटायची पाळी आली, उलट्या झाल्या, डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तो म्हणाला, मला बरं वाटत नाही. जो पुढारी होता तो म्हणाला, सगळ्यांना होतं, लेहला पोचलास की बरं वाटेल.

आता एक गोष्ट लक्षात घ्या, जी मलाही नंतर नकाशा बघून कळली. उंचीचा त्रास झाला तर औषध एकच, खाली उतरणं. पण सरचूपासून पुढे गेलं की खाली उतरायलाही आधी वर चढावं लागतं. पुढे नकी ला, मग लाचुंग ला, ५,००० मीटरांच्या वर. मग पांग, तेही ४,६०० मीटर. मग टांगलांग ला, ५,३२८ मीटर. दोन्ही बाजूंना खिंडी आणि माणूस मध्ये अडकलेला. समुद्रकिनाऱ्यावर एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या जवळजवळ निम्माच टांगलांग लावर मिळतो.

भाचा लाचुंग लापाशी गाडीवरून खाली उतरला तो परत चढू शकला नाही. बोबडं बोलायला लागला होता, हे त्याला स्वतःला आठवत नाही. बाकीचे आठ पुढे निघून गेले होते, कारण शेवटच्या माणसासाठी थांबायचं असं ठरलंच नव्हतं. एका ट्रकवाल्याने त्याला गाडीत घालून पांगला लष्कराच्या तळावर नेलं. तिथे त्याला ऑक्सिजन लावला आणि नंतर तसाच सिलिंडरसकट लेहला खाली नेलं. बाकीच्यांना तो नाही हे संध्याकाळी लेहमध्ये हॉटेलच्या खोल्या वाटून घेताना लक्षात आलं. माझ्या बहिणीला फोन आला तो दोन दिवसांनी. पोराचं सिम प्रीपेड होतं, आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, एवढीसुद्धा चौकशी कुणी केली नव्हती.

पोरगा वाचला. घरी आल्यावर सगळ्यांनी दोष कुणाला दिला? मोटरसायकलला. मित्रांना. वयाला. नशिबाला, कर्माला. माझ्या मते दोष दोघांचा. पहिला त्या पुढाऱ्याचा, ज्याने चित्र बघून माणसं हाकली. आणि दुसरा आमचा, घरच्यांचा. आम्ही ‘नाही’ म्हणून हात झटकले आणि डबा भरून दिला.

आपल्याला हे काम येतं

तुम्ही म्हणाल, आम्हा बायकांना मोटरसायकलमधलं काय कळतं? मैत्रिणींनो, मोटरसायकलमधलं कळायची गरजच नाही. वीस जणांना घेऊन सम्मेद शिखरजीला कुणी नेलं? तिकिटं कुणी बघितली, धर्मशाळेत खोल्या कुणी सांगितल्या, सासऱ्यांच्या गोळ्या कुणी मोजल्या, डोलीवाल्याशी कुणी ठरवलं? ती २७ किलोमीटरची वंदना आपण करतो. नऊ चढ, नऊ वर फिरणं, नऊ उतार. त्यात सगळ्यात तरुण माणसाच्या पायाने आपण चालतो का? ज्याचे गुडघे दुखतात त्याच्या पायाने चालतो. पहाटे निघायचं म्हणून आदल्या दिवशी लवकर जेवतो. कुणी मागे राहिलं तर एक जण त्याच्याबरोबर थांबतो. हे कुणी पुस्तकात वाचून केलेलं नाही.

लडाखच्या ट्रिपचं नियोजन म्हणजे यापेक्षा वेगळं काही नाही. गाडीचं क्लच-ब्रेक मेकॅनिक बघेल. पण रात्री, पाणी, पेट्रोल, औषध, पैसे आणि माणसं, हा संसाराचा हिशेब आहे. आणि पोरं नेमकी इथेच कच्ची असतात. त्यांच्या बैठका मी ऐकल्या आहेत. तीन तास कोणतं हेल्मेट, कोणता कॅमेरा, कोणतं जॅकेट. कुठे झोपायचं याला दहा मिनिटं. आणि मग हाक येते, “आई, चहा टाकतेस का?”

मी चहा टाकला. आणि कप ठेवून तिथेच खाली बसले.

पहिला हिशेब रात्रींचा

मी त्यांना विचारलं, प्रत्येक रात्री किती मीटरवर झोपणार ते लिहून द्या. किती किलोमीटर गाडी चालवणार ते नको, किती उंचीवर झोपणार ते सांगा. डॉक्टरांचा साधा नियम आहे. ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरांपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विसावा घ्यायचा. दिवसा खिंड ओलांडून जास्त वर जाऊन आलात तरी चालतं, पण रात्र खाली काढायची.

त्यांचा पहिला कागद या नियमात बसत नव्हता. तोही मनालीकडूनच वर चढणारा होता. मग आम्ही तो उलटा केला. वर जायचं ते श्रीनगरकडून. श्रीनगर साधारण १,६०० मीटर. तिथून झोजी ला ओलांडून कारगिल, सुमारे २,७०० मीटर. मग लेह, ३,५०० मीटर. ही चढण शरीराला मानवते. लेहमध्ये सलग तीन रात्री, त्यातला पहिला पूर्ण दिवस गाडीला हात लावायचा नाही. मग खारदुंग ला ओलांडून नुब्रा. खिंड ५,३५९ मीटर आहे, पण नुब्रातली रात्र लेहपेक्षाही खाली. खिंडीत पंधरा-वीस मिनिटांच्या वर रेंगाळायचं नाही, फोटो काढायचा आणि उतरायचं. आणि तिथल्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं ते खरं नाही, मोजणीत ती ५,३५९ मीटर म्हणजे साधारण १७,५८० फूट भरते, हेही मी पोरांना सांगितलं. त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

मुलीला जायचं आहे हानलेला. चांगथांगमधलं गाव, ४,३०० मीटरांच्या आसपास. तिथे आपल्या देशाची वेधशाळा आहे, आणि २०२२ साली तिथल्या आकाशासाठी राखीव क्षेत्र जाहीर झालं. रात्री उजेड कमी ठेवायचा म्हणजे तारे दिसतात. लेहहून हानलेला एका दिवसात जाता येतं, अडीचशे किलोमीटर. पोरांनी तसंच लिहिलं होतं. मी विचारलं, झोपायची उंची किती वाढली? आठशे. मग मध्ये सिंधूकाठी चुमाथांगला एक रात्र, ४,००० मीटरांच्या आसपास. मग हानले. आणि परतीला मनालीकडून उतरायचं. तोवर शरीर रुळलेलं असतं, आणि वाट उताराला लागते.

यावर एक मुलगा म्हणाला, “काकू, एवढ्या रात्री वाढवल्या तर सुट्टी पुरत नाही.” हे मला मान्य आहे. कंपन्या सुट्टी देत नाहीत. पण मग ठिकाणं कमी करा. नुब्रा सोडा, नाहीतर हानले सोडा. आपल्या गावापासून लेहपर्यंत अडीच हजार किलोमीटरच्या वर गाडी चालवण्याची हौस सोडा, गाड्या रेल्वेने पार्सल करून वर पाठवा. टाकी रिकामी करून गाडी बांधून देतात. विसाव्याच्या रात्री तेवढ्या कापू नका. पोरं विसावा आधी कापतात, कारण त्या दिवशी फोटो मिळत नाही.

आणि गोळी. उंचीसाठी जी गोळी मिळते ती प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारून घ्यायची, सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी आधी सांगायचं. गोळी खाल्ली म्हणजे रात्र वाचली असं होत नाही. चालताना झोक जाणं, बोलताना अडखळणं, बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच वेळी खाली. सकाळची वाट बघायची नाही, मत घ्यायचं नाही.

दुसरा हिशेब पेट्रोलचा आणि डब्याचा

मनालीच्या बाजूला तांदी नावाचं ठिकाण आहे. तिथल्या पंपावर पाटी आहे की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. ती पाटी पोरांच्या फोटोंसाठी प्रसिद्ध आहे. मी म्हटलं, फोटो राहू दे, भागाकार करा. टाकी १३ लिटर, गाडी सपाटीवर लिटरला तीस देते. म्हणजे ३९०. पण घाटात, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, विरळ हवेत तीस मिळत नाहीत. पंचवीस धरा, ३२५. म्हणजे कमी पडलं. हानलेलाही तेच, जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर, वाटेत पंपाचा भरवसा धरायचा नाही. म्हणून प्रत्येक गाडीला पाच लिटरचा धातूचा कॅन, नीट बांधलेला. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांतून पेट्रोल नेताना मी फोटोंत बघितलंय. आपण घरात गॅसची नळी तारीख बघून बदलतो, आणि पोरगं पाठीमागे पेट्रोलची बाटली लटकवून जातं.

खाण्याचं मात्र मी मनापासून केलं, ते आपलं आहे. उंचावर पाणी लवकर उकळतं, सरचूच्या उंचीवर ८६ अंशांच्या आसपास. म्हणजे उघड्या भांड्यात डाळ शिजत नाही, तासभर उकळली तरी कच्ची. म्हणून तंबूंत नूडल्स आणि ऑम्लेट. आपल्या पोरांना कंदमूळ नको, अंडं नको, रात्रीचं नको, तर तिथे जाऊन कुणाला नावं ठेवण्यापेक्षा सोबत न्यावं. दशम्या, मेतकूट, भाजलेलं सातूचं पीठ, बिनलसणाचं भडंग, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. पाणी दिवसाला तीन-चार लिटर, उकळून गाळून, थर्मासमधून.

सूर्यास्तापूर्वी जेवायचं ठरवलं की आपोआप चार-साडेचारला मुक्काम गाठावा लागतो, आणि तिथल्या रस्त्यावर हेच शहाणपणाचं आहे. दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढतं, सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी गाडी ओढून नेतो. पहाटे निघायचं, नाले दुपारच्या आत ओलांडायचे, उजेडात पोचायचं.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. अष्टमी-चतुर्दशीचा निर्जळ उपवास आणि पंधरा हजार फूट हे एकत्र नको. कुणाचा नियम असेल तर तारखा बघून तो दिवस लेहमध्ये विसाव्याचा ठेवा, किंवा निघण्याआधी महाराजांना, माताजींना विचारून घ्या. पण खिंडीत पोराला उपाशी-तहानलेलं ठेवून आपण धर्म पाळला असं समजू नका.

तिसरा हिशेब माणसांचा

मी आठही जणांना एक प्रश्न विचारला. जो आजारी पडेल त्याच्याबरोबर परत कोण येणार?

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मुलगी म्हणाली, मी. मी म्हटलं, तू आजारी पडलीस तर? तेव्हा कुठे जोड्या ठरल्या. आठ जणांच्या चार जोड्या. एकाची तब्येत बिघडली की जोडीदार त्याच्याबरोबर उतरणार, त्याची ट्रिप तिथे संपली, त्यावर रुसवा नाही. सगळ्यात पुढे एक अनुभवी, सगळ्यात मागे एक अनुभवी, आणि मागच्याच्या पुढे कुणी थांबलं तर तोही थांबणार. दर तासाला सगळे एकत्र येणार. गाडीचा वेग सगळ्यात नवख्याचा. प्रत्येकाने वर्गणीत वेगळे पैसे टाकायचे, गाडी टेंपोत घालून खाली आणायला आणि माणसाला टॅक्सीने उतरवायला. उरले तर परत वाटून घ्या. पोस्टपेड सिम निदान दोघांकडे. रोज संध्याकाळी रेंज मिळाली तर एका घरी फोन, आणि ते घर बाकी सातांना कळवेल. रेंज मिळणार नाही अशा रात्री आधीच कागदावर लिहिलेल्या, म्हणजे इकडे आपण उगाच देव पाण्यात घालून बसणार नाही.

भाड्याच्या गाडीचाही घोळ सांगते. मनालीची भाड्याची गाडी घेऊन लेहमध्ये पोचलात तर पुढे नुब्रा-पँगाँगला ती फिरवू देत नाहीत, तिथल्या गाडीवाल्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. तिथे फिरायला तिथलीच गाडी घ्या, नाहीतर स्वतःच्या नावाची न्या. सरहद्दीकडच्या भागासाठी कागद आणि शुल्क लागतं, नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात परत बघा.

महिना आणि ती जमीन

पोरांना ऑगस्ट हवा होता, जोडून सुट्ट्या येतात म्हणून. ऑगस्टमध्ये हिमाचलच्या बाजूला पाऊस आणि दरडी. लडाखमध्ये वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस, म्हणून तिथे भीती नाही असं समजू नका. २०१० साली ५ ऑगस्टच्या रात्री लेहला ढगफुटी झाली आणि दोनशेच्या वर माणसं गेली. म्हणून आम्ही दशलक्षण पर्व आटोपल्यावरचा, सप्टेंबरअखेरचा काळ धरला. नाल्यांचं पाणी उतरलेलं असतं, आकाश स्वच्छ असतं, थंडी मात्र कडक, हानलेला रात्री शून्याखाली. चातुर्मासात प्रवास नको असं ज्यांच्या घरी पाळतात त्यांनी जूनचा सुरुवातीचा काळ बघावा, मात्र मनालीचा रस्ता उघडला की नाही याची खात्री करूनच.

आणखी एक गोष्ट, जी मंडळातल्या कुणीच काढली नाही. आपण सगळ्या बोलतो ते पोरांच्या जिवाबद्दल. तिथे राहणाऱ्यांच्या जिवाचं काय? चांगथांगला अभयारण्य आहे, १९८७ पासूनचं. रानगाढवं म्हणजे कियांग, काळ्या मानेचे क्रौंच, मारमोट. क्रौंच तिथल्या दलदलीत घरटी करतात. मोटरसायकलवाले रस्ता सोडून कुरणात गाड्या घालतात, कियांगांच्या कळपामागे पळवतात, तळ्याच्या पाण्यात चाकं घालून फोटो काढतात. मारमोटला बिस्किटं चारतात आणि त्याला प्रेम म्हणतात. टाकलेल्या अन्नावर भटकी कुत्री वाढली आणि ती क्रौंचांची पिल्लं मारतात. मुंगी चुकवून पाय टाकायला आपण पोरांना दोन वर्षांची असल्यापासून शिकवलं. ते शिक्षण हेल्मेट घातल्यावर संपतं का? आमच्या कागदावर लिहिलंय, रस्ता सोडायचा नाही, कुणाला खाऊ घालायचं नाही, स्वतःचा कचरा लेहपर्यंत परत आणायचा. पाण्याची तिथे टंचाई असते, हॉटेलात बादलीभर पाण्यात अंघोळ. हे मोडलं तर मला सांगू नका की तुम्ही निसर्ग बघायला गेला होता.

आणि मुलीला का नाही?

दहाव्या बाईंचं उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. “मुलाला पाठवीन, मुलीला नाही.” का? माझा भाचा मुलगाच होता. विरळ हवा मुलगा-मुलगी बघत नाही. आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात, २०११ साली उर्वशी पाटोळे यांच्या पुढाकाराने ‘बायकर्नी’ नावाची मोटरसायकल चालवणाऱ्या बायकांची संघटना उभी राहिली. हे काही काल-परवाचं फॅड नाही.

मुलीसाठी तयारी थोडी वेगळी लागते, ती करावी. पाळीच्या तारखा बघा. पॅड पुरेसे द्या, वापरलेले बांधून परत आणायला जाड पिशव्या द्या. लघवीला जायला लागू नये म्हणून मुली पाणी कमी पितात, आणि कोरडं शरीर उंचीवर आधी ढासळतं, म्हणून रस्त्यात त्यांच्यासाठी थांबायचं हे मुलांसमोर मोकळेपणी ठरवा. मी ठरवलं. दोन मुलांनी मान खाली घातली, पण लिहून घेतलं. मोठ्या जाऊबाई म्हणतात, असलं पोरांसमोर बोलतेस? बोलते. न बोलून काय होतं ते भाच्याच्या वेळी बघितलं.

मी कुणाला “पाठवाच” म्हणत नाही. कागद नीट नसेल तर मीही नाहीच म्हणेन, आणि तेव्हा त्या ‘नाही’ला काही वजन असेल. आमच्या आठांतला एक मुलगा गळला, त्याला तेवढी सुट्टी मिळेना. त्याने कमी रात्रींचा आग्रह धरला, बाकीच्यांनी ऐकला नाही. आता सात आहेत. सातव्याची जोडी जुळत नव्हती म्हणून तीन जणांचा एक गट केलाय. आमचे हे अजून तयार नाहीत. रोज सकाळी फ्रीजवर लावलेला तो कागद वाचतात, काही बोलत नाहीत. काल मात्र पेन घेऊन त्यांनी औषधांच्या यादीत एक ओळ वाढवली, बँडेज. मी काही विचारलं नाही.

तुमच्या घरी नकाशा पसरला असेल, तर चहा घेऊन जा आणि कप ठेवून परत येऊ नका. खाली बसा. विचारा, दुसरी रात्र किती मीटरवर? आजारी माणसाबरोबर कोण परत येणार? याचं उत्तर आलं नाही तर नकाशा गुंडाळायला सांगा. उत्तर आलं, तर दशम्यांचं पीठ मळायला घ्या.

जय जिनेंद्र.